मागच्या बागेला केल्टिक रूप कसं द्यायचं?

केल्टिक म्हणजे आयर्लंडसारख्या प्रदेशांतल्या प्राचीन केल्ट लोकांच्या धाटणीचं. गार्डन सेंटरमधून सिमेंटचा केल्टिक क्रॉस (गोल कडं असलेला क्रूस) आणून लॉनवर उभा केला की झाली केल्टिक बाग, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं होत नाही हो. आयर्लंडच्या मेरी रेनॉल्ड्सने २००२ मध्ये लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये केल्टिक बाग करून गोल्ड मेडल घेतलं, आणि त्या बागेत मुख्य काय होतं तर दगड, पाणी, हॉथॉर्न नावाचं काटेरी झाड आणि रानफुलं! आपणही तिथूनच सुरुवात करायची.

आधी गोल आखून घ्या. मध्ये खुंटी ठोकायची, दोरी बांधायची आणि फिरवायची. आयर्लंडमधले जुने रिंगफोर्ट, म्हणजे मातीच्या बांधाने वेढलेली शेतकऱ्यांची वस्ती, बहुतेक गोलच असायचे.

मग त्या गोलाच्या कडेने सुक्या दगडांची भिंत, आणि खरी मजा यातच आहे. आपल्या कोकणातला गडगा असतो ना, अगदी तसंच काम, सिमेंट नाही की चुना नाही. वरची माती काढून घट्ट जमिनीपर्यंत चर खणा, सगळ्यात मोठे दगड तळाला घाला, मग प्रत्येक सांध्यावर वरच्या थरातला दगड येईल असं बघत चढत जा. दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत गेली पाहिजे, दिसायला छान म्हणून ती बाहेर लावली तर दगड सुटतो. दोन्ही बाजू वर जाताना जरा आत झुकवायच्या आणि मधल्या पोकळीत बारीक दगड हाताने बसवायचे, नुसते ओतायचे नाहीत. पहिली भिंत गुडघ्याएवढीच ठेवा.

एका बाजूला हॉथॉर्न लावा, नोव्हेंबर ते मार्चमध्ये त्याची बिनकुंडीची रोपं स्वस्त मिळतात. हे परींचं झाड, एकटं उभं असेल तर तोडायचं नाही अशी तिथली श्रद्धा. १९९९ मध्ये क्लेअर काउंटीत लाटूनच्या अशाच एका झाडासाठी लोककथा सांगणाऱ्या एडी लेनिहान यांनी आवाज उठवला आणि ते रस्त्याच्या कामातून वाचलं. खाली फर्न आणि फॉक्सग्लोव्ह शोभतात, पण फॉक्सग्लोव्ह विषारी आहे, लहान मुलं असतील तर नकोच.

पाण्यासाठी खोलगट दगड पुरे.

नक्षी हवीच असेल तर आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज या प्राचीन थडग्यातल्या तिहेरी चक्राकडे लगेच धावू नका, ते साधारण इसपू ३२०० चं, केल्टिक काळाच्या खूप आधीचं. आयर्लंडच्याच गॉलवेतल्या टुरो स्टोन या कोरीव उभ्या दगडाचे फोटो बघा, त्यावरच्या वळणदार रेषा खऱ्या केल्टिक, आणि त्या एकाच दगडावर कोरून घ्या, सगळीकडे नको.