माशात जंत दिसला तर: गरी टाकणाऱ्यांनी या चुका टाळा

गरीला लागलेला मासा घरी आणला, पोट फाडलं आणि आत काहीतरी वळवळलं, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, फेका तो मासा, आज आमटी-भात खाऊ. दुसरा म्हणतो, त्यात काय एवढं, लिंबू पिळा, मीठ चोळा, सगळं मरतं. चुकतात दोघेही, पण दुसऱ्याची चूक महागात पडू शकते. समुद्रातल्या, नदीतल्या, धरणातल्या माशात परजीवी असणं अगदी सर्रास आहे. बाजारात मासा कापून देणाऱ्या मावशींचा हात इतका सराईत असतो की आतडी-कल्ल्यांबरोबर ते सगळं आपल्या नजरेआडच निघून जातं. स्वतः धरलेला मासा स्वतः साफ करायला बसलं की ते पहिल्यांदा दिसतं.

पोटातलं प्रत्येक लांबट काहीतरी जंत नसतं

बांगड्याचं पोट पहिल्यांदा साफ करणारा इथे हमखास फसतो. जठर संपून आतडं सुरू होतं तिथे बारीक नळ्यांचा जुडगा असतो. बांगड्यात तो इतका भरगच्च असतो की शेवयांचा गुंता वाटावा. हा माशाच्याच पचनसंस्थेचा भाग आहे. ओळखायचं कसं? या नळ्यांचं एक टोक आतड्याला पक्कं जोडलेलं असतं. जंत मात्र सुटा निघतो, किंवा पातळ पापुद्र्याखाली वेटोळं करून पडलेला असतो. शंका असली तर कोमट, किंचित मीठ घातलेल्या पाण्यात टाका; जिवंत असेल तर बहुधा हलेल. नराच्या पोटातल्या दोन पांढऱ्या मऊ पट्ट्या आणि कण्याला चिकटलेली काळपट लाल रेघ, म्हणजे मूत्रपिंड, यांनाही लोक जंत समजून घाबरतात.

बांगड्याच्या कल्ल्यात कधी पांढरट, पाय असलेला किडा बसलेला दिसतो. तो नोरिलेका इंडिका नावाचा आयसोपॉड, कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातला. त्याचे काही भाऊबंद तर थेट माशाच्या जिभेवर ठाण मांडतात. दिसायला भयंकर, खाणाऱ्याला निरुपद्रवी. तळ्यातल्या रोहू-कटल्याच्या खवल्यांमधून दोऱ्यासारखा लोंबणारा ‘अँकर वर्म’ही नावापुरताच जंत; जातीने तोही कवचधारी. कल्ले, खवले, कातडी गेली की हा विषय संपला.

घरमाश्या किंवा निळ्या माश्यांच्या अळ्यांचं मात्र वेगळं. जाड, पांढऱ्या, एका बाजूला निमुळत्या अळ्या कल्ल्यात किंवा जखमेत दिसल्या, तर मासा उन्हात उघडा पडून राहिला होता असं समजा आणि टाकून द्या. परजीवी जंताचा शिळेपणाशी काही संबंध नाही. तासाभरापूर्वी पाण्यातून काढलेल्या माशात तो उलट जास्तच चपळ असतो. त्यामुळे ‘मासा एकदम ताजा आहे, कच्चा खायला हरकत नाही’ हा युक्तिवाद जंतांच्या बाबतीत साफ कोसळतो.

कुठे सापडला हे न बघताच निकाल लावणं

विळी हातात असताना आधी जागा बघा. निम्मं उत्तर तिथेच असतं.

गाभोळीत लाल जंत: तांबोशी, हेकरू, धोमा अशा माशांची गाभोळी उघडल्यावर कधीकधी रक्तासारखे लालभडक, लांब जंत निघतात. हा फिलोमेट्रा. दिसायला सगळ्यांत किळसवाणा, पण माणसाला बाधल्याचं भय नाही. गाभोळी टाका, मासा ठेवा. चांगली भरलेली गाभोळी टाकणं जिवावर येतं हे खरं, पण ती जंतांनी पोखरलेली असते, चवीलाही काही उरलेलं नसतं.

मांसात पांढऱ्या पिशव्या: कुपा, सुरमई, वाकटी यांच्या मांसात किंवा पोटाच्या पोकळीत शेपूट असलेल्या पांढरट पिशव्या दिसल्या, तर त्या बहुतेक एका पट्टकृमीच्या अळ्या असतात. हा कृमी मोरी आणि पाकटाच्या आतड्यात जाऊन मोठा होतो, माणूस त्याच्या हिशेबात नाही. सुरीच्या टोकाने काढा, बाकीचं शिजवा. एकाच तुकडीत पाच-सहा दिसल्या तर ती तुकडी मी ठेवणार नाही. कारण धोका नव्हे, जेवणाची मजा जाते हे.

आतड्यांवर, काळजावर वेटोळं: खरं लक्ष द्यायचं ते इथे. दोन-तीन सेंटिमीटरची, पांढरट पारदर्शक, गुंडाळी करून बसलेली अळी म्हणजे अ‍ॅनिसाकिस किंवा तिची नातलग असू शकते. प्रौढ अ‍ॅनिसाकिस देवमासे आणि डॉल्फिनच्या पोटात राहतात. अंडी विष्ठेतून पाण्यात, अळ्या बारीक कोळंबीसारख्या जिवांत, तिथून माशात आणि म्हाकुळात, आणि पुन्हा डॉल्फिनच्या पोटात असा त्यांचा फेरा. माणसाच्या पोटात ही अळी मोठी होत नाही. पण जिवंत पोचली तर जठराच्या भिंतीत डोकं खुपसते आणि काही तासांत अशी कळ उठते की अपेंडिक्स किंवा अल्सर वाटावा. याचे जगातले बहुसंख्य रुग्ण जपानमध्ये सापडतात, कारण कच्चा मासा तिथे रोजच्या जेवणात आहे.

गोड्या पाण्याची यादी वेगळी. मरळीच्या मांसात, कल्ल्यांजवळ पिवळ्या गाठी दिसतात. त्या क्लिनोस्टोमम नावाच्या चपट्या कृमीच्या. गोगलगाय, मासा, बगळा असा त्याचा प्रवास असतो. कच्चा मासा खाणाऱ्या माणसाच्या घशात तो चिकटून बसल्याची उदाहरणं जपान-कोरियात नोंदलेली आहेत. गाठी काढून मासा नीट शिजवला तर काळजी नाही. शिवड्याच्या पोटातला फुगा फोडल्यावर निघणारे पानाच्या आकाराचे गडद कृमी फुग्याबरोबरच जातात. धरणातल्या लहान माशाचं पोट टम्म फुगलेलं असेल आणि आतून लांबलचक चपटी पांढरी पट्टी निघाली, तर ती लिग्युला. पाणकावळ्यासारख्या मासेखाऊ पक्ष्यांच्या पोटात जायची वाट बघत असते. माणसाला ती सहसा त्रास देत नाही, पण असा मासा आतून इतका खंगलेला असतो की ताटात घेण्यासारखं थोडंच उरतं.

सगळ्यांत वाईट चूक याच्या उलट आहे: काहीच दिसलं नाही म्हणून निश्चिंत होणं. नॅथोस्टोमा नावाच्या कृमीची अळी जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, मांसात रुतलेली. साध्या डोळ्यांना सापडेलच असं नाही. मरळ, वाम आणि मांगूरसारखे बिनखवल्यांचे मासे हे तिचे आवडते मुक्काम. थायलंड आणि जपानमध्ये तिचे रुग्ण फार. माणसाच्या शरीरात गेली की ती कातडीखालून फिरत राहते, आज इथे सूज, महिन्याने तिथे. क्वचित डोळ्यात किंवा मेंदूत शिरते. तिचा पहिला मुक्काम पाण्यातल्या सायक्लॉप्स या बारीक जिवात. आपल्याकडे पायविहिरींच्या पाण्यातून नारू पसरवणारा सायक्लॉप्स तो हाच. नारू भारतातून गेला, २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने तसं प्रमाणपत्रही दिलं. सायक्लॉप्स मात्र तळ्यांत अजून आहेतच.

पोट न काढता मासा संध्याकाळपर्यंत फिरवणं

पहाटे गरी टाकायची, मासे गोणपाटात, दुपारी गप्पा, फोटो, आणि साफसफाई घरी गेल्यावर. यात मासा तर खराब होतोच, शिवाय काही जातींच्या माशांत मासा मेल्यावर अ‍ॅनिसाकिसच्या अळ्या आतड्यांवरून पोटाकडच्या मांसात सरकतात. ऊब मिळाली की हे लवकर होतं. म्हणून किनाऱ्यावरच पोट फाडा, आतडी-कल्ले काढा, पोकळी धुवा आणि मासा बर्फात पुरा. बर्फ पोकळीतही भरा. घरी आल्यावर पोटाकडची पातळ झालर कापून टाकलीत तर आणखी बरं, अळ्या सर्वांत जास्त तिथेच मिळतात.

तुकड्या पातळ असतील तर एकेक उचलून टॉर्चच्या उजेडासमोर धरा. मासे प्रक्रिया करणारे कारखाने उजेडाच्या टेबलावर हेच करतात. पण जाड किंवा गडद मांसात खोलवरची अळी उजेडातही दिसत नाही, त्यामुळे हा उपाय पहिल्या चाळणीपुरताच धरायचा.

लिंबू, मीठ, आगळ, व्हिनेगर यांच्यावर भरवसा

ही चूक आपल्याकडे वाढते आहे, कारण कच्च्या माशाच्या पाककृती आता फोनवर रोज दिसतात. लिंबाच्या रसात मासा पांढरा होतो, घट्ट होतो, शिजल्यासारखा दिसतो. आम्लाने प्रथिनं गोठतात एवढंच. आतली अळी जिवंत राहू शकते. अ‍ॅनिसाकिस जठरातल्या आम्लात टिकते, तिला अर्ध्या लिंबाचं काय कौतुक?

ज्यांनी हे भोगलं त्यांच्याकडे बघा. नेदरलँड्समध्ये हलकं मीठ लावलेला कच्चा हेरिंग मासा खायची जुनी रीत. तिथेच १९६० मध्ये या आजाराचं कारण पहिल्यांदा ओळखलं गेलं, आणि १९६८ मध्ये हेरिंग आधी गोठवण्याची सक्ती आली. स्पेनमध्ये व्हिनेगरमध्ये मुरवलेले छोटे अँचोव्ही मासे हा घराघरातला पदार्थ, आणि या आजाराचं नेहमीचं कारणही. २००६ पासून तिथल्या हॉटेलांना असे मासे गोठवल्याशिवाय देता येत नाहीत. ईशान्य थायलंड आणि लाओसमध्ये तर गोड्या पाण्यातला मासा कच्चा चिरून, लिंबू-मिरची घालून खातात, त्याला कोई प्ला म्हणतात. त्यातून ओपिस्थॉर्किस हा यकृतकृमी पोटात जातो, वर्षानुवर्षं पित्तनलिकेत राहतो आणि तिथल्या कॅन्सरला कारण होतो. कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातलं. तिथे लिंबाची काही कमी नव्हती.

आपलं हळद-मीठ-आगळ लावून मुरवत ठेवणं चवीसाठी आणि वास मारण्यासाठी उत्तम आहे. जंत मारायचं काम पुढे तवा किंवा उकळतं कालवण करतं.

फ्रीजरमध्ये ठेवला म्हणजे झालं?

गोठवण्याने अळ्या मरतात, पण अंश आणि दिवस दोन्ही लागतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक असा: उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड, सलग सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर घट्ट गोठवून त्याच तापमानात १५ तास. घरचा फ्रीजर चांगला असला तरी साधारण उणे १८ च्या आसपास, त्यात दार दहादा उघडतं, वीज जाते. जाड अख्खा मासा मधोमध गोठायला वेळ घेतो तो वेगळाच. कच्चा खायच्या बेताने घरचा फ्रीजर विश्वासाचा नाही. शिजवूनच खाणार असाल तर हा हिशेब करायचीही गरज नाही.

वरून करपलेला, आतून कच्चा

मधोमध ६३ अंश सेल्सिअस गाठलं की काम होतं. बांगड्याचं, मांदेलीचं ते सहज होतं. कालवणात तर प्रश्नच नाही. फसगत होते ती नदीकाठच्या शेकोटीवर भाजलेल्या अख्ख्या मरळीत, मसाला भरलेल्या जाड जिताड्यात, आणि फ्रीजरमधून काढून थेट तव्यावर टाकलेल्या रावसाच्या तुकडीत. कण्याजवळचं मांस काट्यापासून सहज सुटलं पाहिजे, काचेसारखं झळकता कामा नये. अख्खा मासा भाजताना दोन्ही बाजूंनी हाडापर्यंत चिरा द्या. मायक्रोवेव्ह एकसारखं गरम करत नाही. त्यात मासा शिजवायचा असेल तर मध्येच उलटा आणि झाकून थोडा वेळ तसाच ठेवा.

मासा कापलेल्या पाटावर लगेच कांदा-टोमॅटो चिरू नका. पाट, विळी, हात आधी साबणाने धुवा.

आतडी मांजराला, नाहीतर परत तळ्यात

नॅथोस्टोमा मोठा होतो तो मांजर-कुत्र्याच्या जठरात. कच्ची आतडी, मांसाच्या कातरणी त्यांना घातल्या की तळ्यात अंडी पोचायची सोय आपणच केली. घाण खड्ड्यात पुरा, किंवा मांजराला द्यायचीच तर उकळून द्या.

परदेशात सॅमन धरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. पॅसिफिकमधल्या नैसर्गिक सॅमनमध्ये माणसाच्या आतड्यात खरोखर वाढणाऱ्या पट्टकृमीच्या अळ्या असतात. अलास्काच्या गुलाबी सॅमनमध्ये अशा अळ्या सापडल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. या कुळातला एक कृमी दहा मीटरपर्यंत वाढतो आणि ब-१२ जीवनसत्त्व खाऊन टाकतो. तयार खाद्यावर वाढवलेल्या अटलांटिक सॅमनमध्ये हा धोका फारच कमी. नदीत स्वतः धरलेल्या सॅमनची घरगुती सुशी करू नका.

खाऊन झाल्यावर

शिजलेल्या तुकडीत मेलेली अळी दिसली आणि अर्धी तुकडी आधीच खाल्ली असेल, तर औषधाची गरज नाही. अपवाद अ‍ॅलर्जीचा: अ‍ॅनिसाकिसची काही प्रथिनं उष्णतेनेही मोडत नाहीत. नीट शिजवलेला मासा खाऊनही अंगावर गांधी उठल्या तर डॉक्टरांना माशाबरोबर या अळीबद्दलही सांगा. ओठ सुजले, श्वास अडखळला तर थेट इस्पितळ गाठा. कच्चा किंवा अर्धकच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांत पोटात तीव्र कळ, उलट्या सुरू झाल्या, तर अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन वाट बघू नका आणि जंताचं औषधही मनाने घेऊ नका. काय खाल्लं, किती वाजता, आणि तो कच्चा होता, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. दुर्बीण घालून अळी चिमट्याने काढता येते, आणि काढली की कळ बहुतेक वेळा लगेच थांबते.