जुन्या बाईकला ऑइल कुठलं टाकायचं आणि बाकी काय काय बघायचं

जुनी गाडी घेतली की पहिला प्रश्न हाच येतो, ऑइल कुठलं टाकू. आणि जितक्यांना विचाराल तितकी उत्तरं. एक म्हणतो फुल सिंथेटिक, म्हणजे प्रयोगशाळेच्या पद्धतीने बनवलेलं महागडं ऑइल टाक, दुसरा म्हणतो जुन्या इंजिनात सिंथेटिक ओतलं की सगळीकडून गळायला लागतं, तिसरा म्हणतो हाताला लागेल ते टाक, काही होत नाही. मी एकदा या तिसऱ्याचं ऐकलं. कारचं ५डब्ल्यू-३० ऑइल उरलेलं होतं, चांगलं महागातलं, म्हटलं वाया कशाला घालवायचं, दिलं ओतून. पहिले चार दिवस गाडी एकदम मक्खन, मी खूश. मग एका चढावर टॉप गिअरमध्ये रेस दिली तर इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी आहे त्याच स्पीडला, क्लच स्लिप मारत होता. नंतर दोनदा ऑइल बदललं तरी तो पूर्ण सुधारला नाही, शेवटी क्लच प्लेटा बदलाव्या लागल्या.

असं का होतं ते एकदा कळलं की ऑइल निवडणं सोपं होतं. कारमध्ये क्लच इंजिन ऑइलच्या बाहेर असतो, त्यांचा एकमेकांशी संबंध येत नाही. बहुतेक बाईकमध्ये मात्र इंजिन, गिअर आणि क्लच तिघं एकाच ऑइलमध्ये डुंबत असतात. कारच्या पातळ ऑइलमध्ये मायलेज वाढावं म्हणून घर्षण कमी करणारी केमिकल टाकलेली असतात, इंजिनाला ती बरी, पण क्लच चालतोच घर्षणावर, मग तो घसरणार नाही तर काय करणार. बीएमडब्ल्यूच्या जुन्या बॉक्सर गाड्यांसारखे काही अपवाद आहेत, तिथे क्लच कोरडा आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, तिथे हा प्रश्नच येत नाही. टू-स्ट्रोकचा हिशोबच निराळा, तिथे पेट्रोलबरोबर जळतं ते टूटी ऑइल आणि गिअरचं ऑइल अशा दोन स्वतंत्र गोष्टी असतात, ती गल्लत करू नका.

म्हणून कॅन हातात घेतला की पुढचं चकचकीत लेबल सोडा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. तिथे जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं पाहिजे. हे जपानी स्टँडर्ड आहे, १९९८ मध्ये याच क्लचच्या भानगडीमुळे आलं, कारची ऑइलं जास्त जास्त घसरडी होत चालली होती म्हणून. एमए२ म्हणजे क्लचला त्यातल्या त्यात जास्त पकड देणारं. एमबी लिहिलेलं असेल तर ते ऑटोमॅटिक स्कूटरसाठी, गिअरच्या बाईकला नको. आणि एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा जो गोल शिक्का असतो त्याच्या खालच्या अर्ध्या भागात एनर्जी कन्झर्विंग किंवा रिसोर्स कन्झर्विंग असे शब्द दिसले तर कॅन परत ठेवून द्या. जासोवाल्या ऑइलचा अजून एक फायदा म्हणजे त्यात फॉस्फरस किमान ०.०८ टक्के असावंच लागतं, व्हॉल्व्ह उघडणारे कॅम आणि रॉकर घासले जाऊ नयेत म्हणून जे जस्त-फॉस्फरसचं मिश्रण टाकतात त्यातलं हे, आणि जुन्या इंजिनाला त्याची गरज असते.

आता ग्रेड. २०डब्ल्यू-५० मधलं डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड असताना ऑइल किती वाहतं ते सांगतो आणि नंतरचा १०० डिग्रीला गरम झाल्यावर किती जाड राहतं ते. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तिथूनच सुरुवात करा, हवा कडक गरम असेल, एअर कूल्ड इंजिन असेल आणि ते थोडं ढिलं झालं असेल तर एक पायरी जाड चालतं, म्हणजे १०डब्ल्यू-४० ऐवजी २०डब्ल्यू-५० वगैरे. पण आवाज दाबायला म्हणून जाड जाड करत जाऊ नका. आवाज कमी होतो हे खरं, पण थंड इंजिनात जाड ऑइल वर हेडपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि तेवढ्या वेळात इंजिन झिजतं.

सिंथेटिकने गळती लागते हे अर्धं खरं आहे. ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी रिंग, आधीच कडक होऊन चिरलेलं असतं, फक्त वर्षानुवर्षांच्या चिकट्याने ती फट बुजलेली असते, नवीन ऑइल तो चिकटा धुऊन काढतं आणि गळती उघडी पडते. म्हणजे दोष सीलचा आणि शिव्या ऑइलला. तरीपण माझं मत विचाराल तर ज्या जुन्या गाडीचा इतिहास माहीत नाही तिला आधी साधं मिनरल, म्हणजे कच्च्या तेलातून काढलेलं स्वस्त ऑइल टाका, ५०० किलोमीटरला काढा, परत टाका, आतली घाण निघू दे, मग वाटलं तर सेमी सिंथेटिक. महागडं ऑइल टाकून ८००० किलोमीटर तसंच फिरवणाऱ्यापेक्षा साधं ऑइल दर दोन-अडीच हजाराला बदलणाऱ्याचं इंजिन चांगलं राहतं, कारण गिअरचे दात त्याच ऑइलला सतत चिरडत असतात आणि ते पातळ होत जातं. गाडी फारशी चालत नसेल तरी वर्षातून एकदा बदलाच.

काढताना इंजिन कोमट पाहिजे, पाच-दहा मिनिटं फिरवून आणा, मग घाण ऑइलबरोबर वाहून येते. उकळतं नको, हात भाजेल. काळं ऑइल बघून घाबरू नका, काळं म्हणजे ते आपलं काम करतंय. मी नेहमी दोन बोटांत थोडं घेऊन उन्हात चोळून बघतो. बारीक चमचम दिसली तर कुठेतरी बेअरिंग किंवा बुश घासतंय. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होऊन पेट्रोल खाली उतरतंय. दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर पाणी मिसळलंय, छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हे होतं कारण इंजिन पुरेसं तापत नाही आणि आतली वाफ आतच राहते. ड्रेन बोल्टला, म्हणजे ऑइल काढायच्या खालच्या बोल्टला, मॅग्नेट असेल तर त्यावर राखाडी मळी असणारच, ती पुसून टाका. पण पापुद्रे किंवा तुकडे सापडले तर नवीन ऑइल ओतायच्या आधी इंजिन उघडायचा विचार करा.

ड्रेन बोल्ट हा जुन्या गाडीचा सगळ्यात नाजूक विषय. बोल्ट लोखंडी आणि केसिंग अॅल्युमिनियमचं, त्यात आधीच्या दहा जणांनी लांब पाना लावून जोर काढलेला. बोल्ट आधी नुसत्या हाताने फिरवत बसवा, हाताने जात नसेल तर तो तिरका लागतोय, काढून परत लावा. वॉशर नवीन टाका, मग छोट्या पान्याने कसा. गळेल या भीतीने अजून एक पीळ द्यावासा वाटतो ना, आटे जातात ते त्याच पिळाला.

बऱ्याच जुन्या सिंगल सिलिंडर गाड्यांना कागदी फिल्टर नसतो, खाली एक जाळी असते आणि क्लच कव्हरच्या आत गरागरा फिरून घाण कडेला फेकणारा एक डबा असतो. जाळी दर दोन-तीन वेळा ऑइल बदललं की धुवा. त्या डब्यात काय साठलंय हे मात्र कोणीच बघत नाही, मी एका गाडीचा उघडला तर आत ग्रीससारखा काळा थर होता, नखाने खरवडावा लागला. कव्हर उघडायचं म्हणजे नवीन गॅस्केट आधी आणून ठेवा.

भरताना मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, नुसतं बदलताना किती आणि इंजिन पूर्ण खोलल्यावर किती. लोक दुसरा आकडा वाचतात आणि जास्त भरतात. जास्त झालं की ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑइल एअर फिल्टरमध्ये जातं आणि वर सील गळतात ते वेगळंच. लेव्हल बघताना गाडी मेन स्टँडवर सरळ, आणि डिपस्टिक आटे लावून बघायची की नुसती टेकवून हे मॅन्युअलमध्ये बघा, त्यात बराच फरक पडतो. जुनं इंजिन ऑइल खाणारच, दर ५०० किलोमीटरला डिपस्टिक काढून बघायची सवय लावा.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण कधी येतो ते बघा. रात्रभर उभी गाडी चालू केल्यावर किंवा उतारावर रेस सोडून मग परत दिल्यावर फुस्स करून आला तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइड, ओढताना सारखा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत. पहिलं काम छोटं आहे, दुसरं मोठं, त्यामुळे कोणी लगेच बोअरचं काम काढा म्हणाला तर आधी हे तपासा.

बाकीचं पटकन सांगतो. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, इंजिन पूर्ण थंड असताना, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून सेट करायचे, नुसत्या कानाने नाही, आणि थोडी टकटक राहिली तर चालते, एकदम गप्प झालेला एक्झॉस्टचा टॅपेट जास्त धोक्याचा, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. चेन रॉकेलने पुसा, ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल लावा, इंजिन बंद ठेवून, चालू गाडीच्या चेनमध्ये बोटं गेलेली लोकं आहेत. ढिलाई चाक फिरवून सगळ्यात घट्ट जागी मोजा. डिस्क असेल तर ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. टायरवर नक्षी छान दिसली तरी बाजूचा चार आकडी कोड वाचा, २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा, असा टायर पावसात भरवशाचा नाही.

आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर जुनं ऑइल काढून नवीन टाकून उभी करा, जुन्यातलं अॅसिड आत बसून राहत नाही. कार्बोरेटरचा बाऊल रिकामा करा, नाहीतर पेट्रोल सुकून पायलट जेट, म्हणजे त्यातलं बारीक भोक, बुजतो. दर रविवारी किक मारून दोन मिनिटं चालू ठेवायची जी पद्धत आहे तिने उलट आत पाणीच धरतं. काढायची तर चांगली अर्धा तास फिरवून आणा, नाहीतर बॅटरीची वायर काढून, वर कापड टाकून तशीच राहू द्या.