जत्रेच्या नाटकाला सॅम्पलिंग पॅड नेताना

नाटकातली घंटा, टेलिफोन, गडगडाट सॅम्पलिंग पॅडवरून, म्हणजे भरून ठेवलेले आवाज काठीच्या टोल्यावर वाजवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावरून, काढायचे तर आधी पॅड कोणता आहे ते पाहा. आपल्याकडे भजनी मंडळापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळे सरसकट ऑक्टोपॅडच म्हणतात, आणि नाटकासाठी म्हणून मित्राकडून उसना आणला की बहुधा रोलँडचा एसपीडी-20 हातात पडतो. वाद्य दणकट आहे, पण त्यात कंपनीने भरलेलेच आवाज वाजतात. एसपीडी-30 चेही तेच. तुमच्या देवळातली घंटा त्यात घालता येणार नाही. आपले आवाज भरायचे तर एसपीडी-एसएक्ससारखा वेव्ह फाइल (संगणकावरची ध्वनिफाइल) घेणारा पॅड हवा. त्यावर टोला मारायचे 9 पॅड असतात आणि 100 किट, म्हणजे त्या पॅडवर लावलेल्या आवाजांचे संच, ठेवता येतात. तीन अंकी नाटकाला अंकामागे दोन किट पुष्कळ झाले. उरलेल्या जागेचा मोह धरू नका. प्रयोगात शोधाशोध करावी लागते ती भरलेल्या पॅडवरच.

मग संहिता घेऊन तालमीला बसा. पेन्सिल हवी, पेन नको, कारण दिग्दर्शक प्रयोगाच्या आदल्या रात्रीपर्यंत बदल करतो. प्रत्येक आवाजापुढे तीन गोष्टी लिहा: कोणाच्या कुठल्या शब्दावर सुरू, किती मोठा, आणि कशावर बंद. नवा ड्रमर पहिल्या दोन लिहितो आणि तिसरी सोडतो. पण नाटक बिघडते ते बंद करण्यात. नटाने रिसीव्हर कानाला लावला आणि टेलिफोन वाजतच राहिला तर करुण प्रसंगालाही मांडव हसतो. म्हणून घंटी लूपवर, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी, ठेवा आणि पॅडचा प्रकार असा लावा की पहिल्या टोल्याला सुरू, दुसऱ्या टोल्याला बंद. ढगांच्या गडगडाटाची शेपटी लांब असते, पुढचे वाक्य त्यात बुडते. तो आणि एक निःशब्द सॅम्पल (पॅडवर भरलेला आवाज) एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाका, त्यातला एक वाजला की दुसरा बंद होतो. निःशब्द पॅड मारला की गडगडाट तिथेच तुटेल. तुटणे कानाला खुपत असेल तर पावसाची हलकी फाइल त्या जागी ठेवा, म्हणजे गडगडाट तुटल्यासारखा न वाटता पावसात मिसळेल.

फाइल तयार करण्याचे काम घरी, शांतपणे. 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ, वेव्ह. मोबाइलवर आलेल्या एमपीथ्रीच्या सुरुवातीला बहुतेकदा किंचित शांतता असते. ऐकताना कळत नाही, वाजवताना हात मागे पडल्यासारखा वाटतो. संगणकावर ती लाट मोठी करून पाहा आणि आवाज जिथे उठतो तिथपर्यंत कापा. पंधरा-वीस मिलिसेकंदांची शांतताही काठीला जाणवते. शेवट मात्र तोडू नका, हळूहळू विरू द्या.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो पातळीला. एक फाइल कुजबुजते, दुसरी किंचाळते, आणि साउंडवाला बिचारा चॅनेल वर-खाली करत बसतो. कितीही सराईत असला तरी तुमची पुढची एंट्री त्याला ठाऊक नसते. म्हणून सगळे आवाज एकापाठोपाठ लावून कानाने समान करा, आणि ते हेडफोनवर करू नका. साध्या स्पीकरवर, शेजारच्या खोलीत उभे राहून ऐका. हेडफोनमध्ये गडगडाट कसा खोल, गंभीर वाटतो. मांडवातल्या भोंग्यांत त्याचा खालचा, खर्जाचा भाग गळून जातो आणि उरते ती कोरडी खरखर. मधल्या पट्टीत स्वच्छ ऐकू येणारा गडगडाट निवडलेला बरा. स्टीरिओ फाइल मोनो करूनही ऐका. मांडवात बऱ्याचदा एकच केबल मिक्सरला जाते, आणि डावे-उजवे एकत्र झाले की काही आवाज पातळ पडतात.

घुमटाबद्दल, म्हणजे मडक्याच्या तोंडाला कातडे चढवलेल्या वाद्याबद्दल, थोडे सविस्तर, कारण आपल्याकडच्या नाटकात आरतीचा प्रसंग आला की ते हवेच. वाजवणारा उजव्या हाताने कातड्यावर थाप देतो आणि डाव्या तळव्याने मागचे छोटे तोंड उघडतो, झाकतो. सगळा गोडवा त्या डाव्या हातात आहे. एकच थाप रेकॉर्ड करून ती पॅडवर बडवली तर मडके वाजवल्याचा भास होतो. निदान तीन सॅम्पल घ्या: उघडे, झाकलेले, आणि उघड्यावरून झाकताना येणारी ती घुमती मींड. तिन्ही एका म्यूट ग्रुपमध्ये, म्हणजे झाकलेले वाजताच उघडे थांबेल. रेकॉर्डिंग आपल्याच गावच्या घुमटाचे करा. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे असे, पण घोरपडीला 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे आता बकरीचे कातडे चढवतात, आणि दोन्हींच्या आवाजात फरक आहे. जुन्या ध्वनिफितीतून उचललेला आवाज आजच्या शामेळाशी, म्हणजे घुमटाच्या साथीला वाजणाऱ्या तालवाद्याशी, जुळेलच असे नाही. आणि घुमट वाजवणारा माणूस गावातच असेल तर सरळ त्याला बोलवा. तुम्ही त्या वेळी पडद्यामागे चहा प्या.

तालाचे लूप शक्यतो नकोत. गायक नट टाळी मिळाली की एखादी जागा पुन्हा घेतो, लूप थांबत नाही. घ्यायचेच असतील तर क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) फक्त तुमच्या कानात येईल असे आउटपुट लावा आणि तबलजीलाही एक हेडफोन द्या.

किटना गाण्या-प्रसंगांची नावे द्या, नुसते आकडे नकोत. पाहुणे उशिरा आले, सत्कार मध्येच घुसला की क्रम उलटापालटा होतो. प्रत्येक पॅडवर कागदी टेपची पट्टी लावून जाड अक्षरात लिहा. मधला पॅड रिकामा ठेवा. अंधारात काठी चुकून पडते ती बहुधा तिथेच.

पिशवीत काय? पॅडचा स्वतःचा अ‍ॅडाप्टर, कारण दुसऱ्याचा बसला तरी त्याचे ध्रुव उलटे असू शकतात. दोन जॅक केबल, त्याशिवाय एक जादा. डीआय बॉक्स, म्हणजे पॅड आणि मिक्सरच्या मधे जोडायची छोटी पेटी, स्वतःचा. मिक्सर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर त्याशिवाय साधी केबल गुणगुणते, आणि ती गुणगुण घालवायला त्यावरचे ग्राउंड लिफ्टचे बटण कामी येते. एक्स्टेंशन बोर्ड, टेप, छोटी टॉर्च. स्टँड वेगळा घ्या. झांजेच्या स्टँडवर पॅड अडकवला की झांज मारताना पॅड आपणहून वाजतो. जानेवारीत उघड्यावरच्या जत्रेला दंव पडते, म्हणून कोरडा पंचा आणि मेणकापड. किनाऱ्यावरच्या गावात जॅकच्या टोकांना खारी हवा लागते, ती आधी पुसून घ्या.

देवळाच्या आवारात पोचल्यावर पहिली चौकशी विजेची करा. रोषणाई, पंखे आणि साउंड एकाच लाइनवर असतील तर छोटा यूपीएस पॅडखाली ठेवाच. वीज गेली आणि जनरेटर चढला तर दिवे लगेच येतात, पॅडला मात्र पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. किटमध्ये काही सेव्ह होत असताना वीज गेली तर आवाजही जाऊ शकतात, त्यामुळे रंगमंचावर काहीही बदलायचे नाही. अपवाद एकच, संवेदनशीलता. फळ्यांचा रंगमंच असेल आणि शेजारी बेस स्पीकर ठेवला असेल तर मुद्दाम मोठा आवाज लावून पाहा. पॅड आपोआप बोलू लागला तर थ्रेशोल्ड, म्हणजे किती जोराच्या टोल्यापासून पॅड वाजायचा ती मर्यादा, थोडा वाढवा, स्टँडखाली रबर घाला.

साउंड टेस्ट लवकर उरका. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकावर 2000 सालच्या नियमांनी बंधन आहे. खास परवानगी असली तरी ती मध्यरात्रीपर्यंतच, त्यामुळे उशीर झाला की कात्री पहिल्यांदा टेस्टलाच लागते. सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठा असे दोनच आवाज साउंडवाल्याला ऐकवा. पातळी घरी जुळवली असेल तर बाकीचे मधे बसतात.

सगळ्या किटचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, आणि त्याच वेव्ह फाइल मोबाइलमध्ये प्रसंगांच्या क्रमाने ठेवा. मोबाइलला मिक्सरशी जोडणारी वायर डीआय बॉक्सच्याच कप्प्यात टाका आणि संहितेची एक प्रत प्रॉम्प्टरकडे द्या. पॅड बंद पडला तर टेलिफोन आणि देवळातली घंटा प्रॉम्प्टर मोबाइलवरून लावील. गडगडाट तुम्ही ड्रमसेटमधल्या मोठ्या टॉमवर मऊ काठ्यांनी काढायचा. तालमीत एकदा तसा करून दिग्दर्शकाला ऐकवून ठेवा.