या चुका टाळा: सड्यावरच्या फुलांचं मॉडेल करताना नकाशा कुठे फसतो

पाटण तालुक्यातल्या एका डोंगराच्या खांद्यावर मी भर पावसात जीपीएस घेऊन उभी होते. फूल कुठे उगवू शकेल याचा अंदाज बांधणाऱ्या माझ्या मॉडेलनं नकाशावरच्या त्या चौकोनाला एकपैकी ०.८८ गुण दिले होते. वायतुरा (सड्यावरच्या साचलेल्या पाण्यात उगवणारी फुलवनस्पती) इथे सापडायलाच हवा, असं नकाशावरचा लाल रंग सांगत होता. समोर भाताची खाचरं होती आणि खाली दाट झाडी. म्हशी घेऊन चाललेले एक गवळी धनगर आजोबा थांबले. त्यांना फोटो दाखवला. "हितं न्हाई गावायचं ते, पोरी. सडा वर हाय, त्या टेकाडाच्या पल्याड. पानी तितं साचतंय," ते म्हणाले. वर गेले तर खरंच जांभ्याचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं खडकाळ पठार होतं, वीतभर पाण्याची डबकी होती आणि कडेला गेंद या छोट्या रानफुलांचे पांढरे ठिपके. वायतुरा मिळाला नाही, पण तो मिळण्याजोगी जागा तीच होती. मॉडेलनं तिला ०.३ दिले होते.

प्रजातींच्या वितरणाचं संख्याशास्त्रीय मॉडेलिंग, म्हणजे आढळल्याच्या नोंदींवरून एखादी प्रजाती आणखी कुठे असेल याचा नकाशा काढणं, शिकायला निघालेली सातारा-सांगलीकडची मुलं आता बरीच भेटतात. माझ्याकडून झालेल्या आणि त्यांच्या कामातही पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका इथे लिहिते.

नकाशा लाल, जागेवर काहीच नाही

माझी पहिली चूक पिक्सेलच्या आकाराची होती. आपण सगळे वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान माहितीसाठ्याचे थर (चौकोनी पिक्सेलांचे नकाशे) उतरवून घेतो. त्यातला सगळ्यात बारीक पिक्सेलही साधारण एक किलोमीटरचा असतो. सह्याद्रीच्या कड्यावर एक किलोमीटर म्हणजे वरचा सडा, मधला कडा आणि खालची राई, तिन्ही एकाच आकड्यात. वायतुऱ्याला लागतो तो जांभ्यावरचा मातीचा पातळ थर आणि पावसाळ्यात साचणारं पाणी. पाऊस किती पडला यापेक्षा तो खडकावर किती दिवस टिकला, हे त्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं. त्यातल्या हवामानाच्या १९ चलांपैकी (मॉडेलला पुरवायच्या पाऊस-तापमानाच्या आकड्यांपैकी) एकातही ही गोष्ट नाही.

शिवाय हे आकडे हवामान केंद्रांच्या नोंदींवरून मधल्या जागा भरून काढलेले असतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर माण-खटावला पाचशेच्या आसपास. पाऊस इतक्या झपाट्यानं घटतो तिथे दोन केंद्रांच्या मधला अंदाज थोडा जरी चुकला तरी मॉडेलची दिशा बदलते.

उपाय कष्टाचा आहे. उपग्रह चित्रावरून सड्यांच्या कडा स्वतः आखून घ्या, उंचीच्या बारीक थरावरून उतार काढा आणि 'सड्यावर आहे की नाही' हेच एक चल म्हणून मॉडेलमध्ये घाला. मी तसं केलं तेव्हा तापमानाची निम्मी चलं आपोआप निरुपयोगी ठरली. ती एकमेकांशी इतकी बांधलेली असतात की सगळी एकदम घातली तर कुणाचा परिणाम कुणाच्या नावावर जातोय ते कळत नाही. परस्परसंबंध ०.७ च्या वर गेला की दोघांतलं एकच ठेवायचं, असा संकेत आहे. कुठलं ठेवायचं हे मात्र त्या झाडाच्या जगण्यावरून ठरवा, संगणकावर सोडू नका.

सड्यावरचं फूल कोकणात उगवलं

कास पठार साधारण १७ अंश ४३ मिनिटं उत्तर आणि ७३ अंश ४९ मिनिटं पूर्व इथे आहे. जुन्या वनस्पतीपत्रकावरची (वाळवून चिकटवलेल्या नमुन्याच्या कागदावरची) ही नोंद एक्सेलमध्ये घालताना कुणी १७.४३ आणि ७३.४९ असं टाकलं की बिंदू पंचेचाळीसेक किलोमीटर सरकतो आणि घाट उतरून चिपळूणच्या दक्षिणेला जाऊन बसतो. बाराशे मीटर उंचीवरची वनस्पती कोकणात! खरा आकडा १७.७२ आणि ७३.८२ हवा. मिनिटांना साठनं भागायचं, एवढंच. माझ्या पहिल्या यादीत असे चार बिंदू होते आणि ते सापडायला मला महिना लागला, कारण मी बिंदू नकाशावर टाकून पाहिलेच नव्हते.

आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर लोक आपल्याला दिसलेल्या प्रजाती नोंदवतात. त्या नोंदींची गोष्ट वेगळी आहे. संकटग्रस्त प्रजातींची खरी जागा तिथे मुद्दाम लपवतात. दाखवलेला बिंदू ०.२ अंशाच्या, म्हणजे साधारण बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेही पडतो. चोरीपासून कंदीलपुष्पांसारखी दुर्मीळ फुलं वाचवायची तर हे योग्यच आहे. पण तोच बिंदू एक किलोमीटरच्या पिक्सेलशी जोडला तर तुमची वनस्पती शिवसागर जलाशयाच्या मध्यावरही उगवेल. नोंदीसोबत अचूकतेचा रकाना येतो; बिंदू किती मीटर चुकलेला असू शकतो ते त्यात असतं. तो वाचा, आणि मोठा आकडा असलेल्या नोंदी काढून टाका.

मॉडेलनं रस्ताच काढून दाखवला

सातारा-कास-बामणोली रस्त्यालगत नोंदींची गर्दी असते, तीही ऑगस्ट ते ऑक्टोबरमधल्या शनिवार-रविवारची. कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, त्या वर्षी नोंदींचा पूर येतो, मग शांतता. मॅक्सेंट हे या कामाचं नेहमीचं सॉफ्टवेअर आपणहून तुलनेसाठीचे १०,००० बॅकग्राऊंड बिंदू सगळ्या प्रदेशात सारखे पसरतं आणि मग 'माणसं जातात ती जागा' आणि 'झाड राहतं ती जागा' यांतला फरक त्याला कळत नाही. मला पटलेला उपाय असा: त्याच भागात त्याच निरीक्षकांनी नोंदवलेल्या इतर सगळ्या फुलांच्या जागा बॅकग्राऊंड म्हणून वापरा. मग दोन्हीकडे रस्ता सारखाच येतो आणि उरतो तो झाडाचा भाग.

सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्याच्या नोंदी वापरणाऱ्यांनीही क्षणभर थांबावं. ते जंगल माणसांनी उभं केलं आहे आणि तिथले बहुतेक वन्यप्राणी बाहेरून आणून सोडलेले आहेत. तिथली नोंद त्या प्राण्यानं स्वतः निवडलेल्या अधिवासाची नाही.

एयूसी ०.९७ आला म्हणून पेढे वाटू नका

मी वाटले होते. एयूसी म्हणजे मॉडेलला चांगली आणि वाईट जागा किती ओळखता येते याचा गुण; १ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नुसता छापाकाटा. बॅकग्राऊंड म्हणून सगळा भारत घेतला होता, त्यामुळे मॉडेलनं फक्त 'सह्याद्री वेगळा, राजस्थान वेगळा' एवढंच शिकून घेतलं. प्रदेश जितका मोठा, तितका एयूसी फुगतो. पाटण आणि जावळीतल्या दोन सड्यांमधला फरक त्याला कळतो का, हा माझा खरा प्रश्न होता. प्रदेश प्रजातीच्या आवाक्यापुरता घ्या. तपासणीसाठी बिंदू चिठ्ठ्या टाकून निवडू नका, अख्खे पट्टे बाजूला ठेवा: कोयनेच्या उत्तरेकडच्या सड्यांवर शिकवा, दक्षिणेकडच्यांवर तपासा. माझा ०.९७ असा तपासल्यावर ०.७१ झाला. त्या दिवशी फार वाईट वाटलं, पण आजही भरवसा त्या दुसऱ्या आकड्यावरच आहे.

भविष्यातले नकाशे

२०७० चा नकाशा काढायची घाई सगळ्यांनाच असते. सातारा जिल्ह्यातला चाळकेवाडीचा सडा आठवा. तिथल्या पवनचक्क्यांवरचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले आणि सरडे वाढले. ज्याच्या वंशालाच (जीनस) आपल्या मराठी शब्दावरून 'सरडा' नाव मिळालं, तोच हा रंगीत गळ्याचा 'सरडा सुपर्बा'. हवामान तेच, सडा तोच, संख्या वेगळी. मॉडेलमध्ये फक्त हवामान असेल तर पन्नास वर्षांपुढचं बोलताना आवाज खाली ठेवा, आणि आजच्या मर्यादेबाहेरची हवा जिथे येते तो भाग नकाशावर वेगळा रेखून दाखवा.

दिसलं नाही म्हणजे नाही, असं नव्हे

करिअरच्या दृष्टीनं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते, कारण ती लॅपटॉपवर दुरुस्त होत नाही. समजा झाड तिथे आहे, पण एका फेरीत दिसण्याची शक्यता ०.३ आहे. तीन फेऱ्या केल्या तरी ते न दिसण्याची शक्यता ३४ टक्के राहते, पाच फेऱ्यांनंतर १७ टक्के. २००२ पासून वापरात असलेली ऑक्युपन्सी मॉडेलं ('आहे' आणि 'दिसलं' यांतला फरक वेगळा मोजणारी) हा हिशेब मांडतात, पण त्यांना एकाच जागेच्या पुन्हा पुन्हा केलेल्या फेऱ्या लागतात, रिकाम्या फेऱ्यांसकट. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी फील्ड सोडून कोडमध्ये बुडाले आणि रिकाम्या फेऱ्या वहीत लिहिल्याच नाहीत. ती माहिती आता कुठूनही मिळणार नाही. तुम्ही तारीख, वेळ, पाऊस आणि 'काही नाही' हे शब्द लिहीत चला. वनखात्याच्या परवानगीचा अर्ज पावसाळ्याच्या बऱ्याच आधी करा, नाहीतर एक अख्खा हंगाम जातो.

आजोबांनी दाखवलेल्या त्या सड्यावर मी आजवर दोनदा गेले आहे. दोन्ही वेळा वहीत 'वायतुरा नाही' असंच लिहिलं आहे. तिसरी फेरी या श्रावणात आहे.