अमेरिकी राजकारणातला दुटप्पीपणा कसा तपासावा

ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील अमेरिकी आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेले आणि शिरोलीच्या फौंड्रीचालकांपासून मुलेबाळे तिकडे स्थायिक झालेल्या ताराबाई पार्कातील निवृत्तांपर्यंत अनेक कोल्हापूरकर वॉशिंग्टनच्या बातम्या नेमाने वाचू लागले. या वाचनात एक आरोप पावलोपावली भेटतो: समोरचा पक्ष दुटप्पी आहे. जुने विधान शोधायचे, त्याखाली नवे चिकटवायचे आणि निकाल देऊन मोकळे व्हायचे, ही पद्धत सोपी असली तरी तिने फारसे काही सिद्ध होत नाही. वाचनमंडळात किंवा महाविद्यालयीन वादस्पर्धेत या विषयावर बोलू इच्छिणाऱ्यांनी अशा आरोपाची पारख कशी करावी, हे पुढे मांडले आहे.

आरंभी इथल्या सवयीचा एक चष्मा उतरवावा. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्याची निवडणूक असो की दूध संघाची, निष्ठा गटाशी असते. गट उद्या दुसऱ्या पक्षाबरोबर गेला, तर त्याची चर्चाही दोन दिवसांत ओसरते. अमेरिकेत पक्षांतर दुर्मीळ आहे. तिथे माणूस सहसा त्याच पक्षात राहतो आणि सत्तेची खुर्ची कोणाकडे आहे ते पाहून पक्षाची भूमिका फिरते. शिवाय आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हीप मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते, तसा कायदा तिकडे नाही. त्यामुळे ‘रिपब्लिकनांनी शब्द फिरवला’ किंवा ‘डेमोक्रॅट उलटले’ एवढ्यावर थांबू नये. प्रत्येक सिनेटरचे, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्याचे, मत वेगळे तपासावे.

आता मुख्य कृती. त्या व्यक्तीने पहिल्या वेळी नेमका कोणता नियम सांगितला होता, तो तारखेसह आणि त्यातील अटींसह लिहून घ्यावा. निष्कर्ष नव्हे, त्यामागचे कारण लिहावे. दुसऱ्या वेळची परिस्थिती त्या कारणात बसते का, हे त्यानंतर पाहावे.

सर्वोच्च न्यायालयातील नियुक्त्यांचे प्रकरण या सरावासाठी उत्तम आहे. तिथे अध्यक्ष न्यायमूर्तीचे नाव सुचवतो आणि सिनेट त्याला मंजुरी देते. १३ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचे निधन झाले. डेमोक्रॅट अध्यक्ष ओबामांनी मार्चमध्ये त्या जागेसाठी मेरिक गार्लंड यांचे नाव पाठवले. परंतु रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने, हे निवडणुकीचे वर्ष असल्याचे कारण देऊन, त्यांची सुनावणीसुद्धा घेतली नाही. १८ सप्टेंबर २०२० रोजी रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे निधन झाले, तेव्हा त्याच पक्षाच्या सिनेटने, रिपब्लिकन अध्यक्ष ट्रम्प यांनी सुचवलेल्या एमी कोनी बॅरेट यांच्या नियुक्तीला २६ ऑक्टोबर रोजी, म्हणजे निवडणुकीच्या आठ दिवस आधी, ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजुरी दिली.

वरवर पाहता सरळ दुटप्पीपणा दिसतो. मात्र नियम लिहून काढल्यास दोन नेत्यांबाबत दोन वेगळे निकाल मिळतात. सिनेटमधील बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल यांनी २०२० मध्ये सांगितले की, अध्यक्ष आणि सिनेट भिन्न पक्षांचे असतील तेव्हाच हा नियम लागू होतो. स्कॅलियांच्या निधनाच्या दिवशी त्यांनी काढलेल्या निवेदनात ही अट नव्हती, तिथे केवळ जनतेचा कौल घ्या असे म्हटले होते. तथापि नंतरच्या आठवड्यांत, निवडणुकीच्या वर्षी रिकाम्या झालेल्या जागेला विरोधी पक्षाच्या सिनेटने शेवटची मंजुरी १८८८ साली दिली होती, असा दाखला देताना त्यांनी भिन्न पक्षांचा मुद्दा मांडलेला होता. म्हणजे अट मागाहून पुढे आली, पण ती चार वर्षांनी बेतलेली नव्हती. रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांना ही सवलत देता येत नाही. रिपब्लिकन अध्यक्षाच्या पहिल्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षी जागा रिकामी झाली, तर माझेच शब्द माझ्याविरुद्ध वापरा, असे त्यांनी २०१६ मध्ये स्वतःहून सांगितले होते, आणि नेमक्या तशाच परिस्थितीत बॅरेट यांच्या सुनावणीचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. सुसान कॉलिन्स यांनी मात्र निवडणुकीआधी नियुक्ती नको असे सांगून विरोधात मत दिले; त्या पक्षातील तेवढ्या एकट्याच.

डेमोक्रॅट पक्षालाही हीच मोजपट्टी लावावी. २०१६ मध्ये सुनावणी घेणे हे सिनेटचे कर्तव्य आहे असे सांगणारे नेते २०२० मध्ये थांबा म्हणत होते. तुम्हीच घालून दिलेला नियम तुम्हालाही लागू करा, एवढीच त्यांची मागणी असेल, तर ती प्रतिवादाची रीत म्हणून मान्य करता येते. पण तीच मागणी घटनात्मक तत्त्वाच्या वेषात आली असेल, तर तसे नमूद करावे. एका बाजूचे चार दोष सापडले म्हणून दुसऱ्या बाजूचेही चार शोधून तराजू समतोल करण्याचा खटाटोप मात्र करू नये. वॉशिंग्टन पोस्ट आणि एबीसी न्यूजच्या पाहण्यांत सीरियावरील क्षेपणास्त्र हल्ल्यांना ओबामांच्या काळात, २०१३ मध्ये, २२ टक्के रिपब्लिकनांचा पाठिंबा होता आणि ट्रम्प यांच्या काळात, २०१७ मध्ये, ८६ टक्क्यांचा. डेमोक्रॅट मतदारांचे प्रमाण मात्र ३८ आणि ३७ टक्के, म्हणजे जवळपास स्थिर राहिले. पहिला हल्ला प्रस्तावित होता व दुसरा होऊन गेलेला होता, हा फरक ध्यानात घेऊनही एवढी तफावत डोळ्यांआड करता येत नाही.

भूमिका बदलणे आणि दुटप्पीपणा यांतही अंतर ठेवावे. सिनेटर असताना, २००६ मध्ये, ओबामांनी कर्जमर्यादा (सरकारला काढता येणाऱ्या कर्जाची कायद्याने ठरलेली कमाल रक्कम) वाढवण्याविरुद्ध मत दिले आणि अध्यक्ष म्हणून २०११ मध्ये तीच वाढवून मागितली. मात्र जुने मत ही चूक होती, हे त्यांनी जाहीरपणे कबूल केले. याउलट २०११ आणि २०२३ मध्ये खर्चकपातीशिवाय मर्यादा वाढवणार नाही असे सांगून संकट ओढवणाऱ्या रिपब्लिकन पक्षाने २०१७ ते २०१९ या काळात ती फारशी खळखळ न करता तीनदा स्थगित होऊ दिली, आणि २०२५ च्या कायद्याने ५ लाख कोटी डॉलरने वाढवली. मधल्या काळात अर्थशास्त्र बदलले नव्हते, अध्यक्ष बदलला होता.

सातत्य दिसले तर तेही नोंदवावे. आरोपाच्या धुरळ्यात ते हमखास हरवते. विधेयक मतदानाला आणण्यासाठी सिनेटमध्ये १०० पैकी ६० मते लागतात, हा फिलिबस्टरचा अडसर जो बहुमतात असेल त्याला जाचतो. नियुक्त्यांपुरता तो २०१३ मध्ये डेमोक्रॅटांनी आणि सर्वोच्च न्यायालयापुरता २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी काढला. डेमोक्रॅट सिनेटर जो मॅन्चिन यांनी २०१३ मध्ये स्वपक्षाविरुद्ध मत दिले आणि जानेवारी २०२२ मध्ये मतदान हक्कांच्या विधेयकासाठी हा नियम शिथिल करण्याच्या प्रयत्नालाही विरोध केला. त्यांची भूमिका पटो वा न पटो, ती एकच होती.

पुराव्यासाठी वृत्तवाहिन्यांच्या कात्रणांवर विसंबू नये. सिनेटच्या संकेतस्थळावर नावे पुकारून घेतलेल्या प्रत्येक मतदानाची नावनिशीवार नोंद मिळते. काँग्रेशनल रेकॉर्ड या संसदेच्या अधिकृत वृत्तांतात भाषणे छापली जातात, परंतु सदस्यांना त्यात मागाहून दुरुस्तीची मुभा असते. शब्द न् शब्द हवा असेल तर संसदेचे कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅन वाहिनीचे चित्रीकरण पाहावे.

यानंतरही धोरणाचा मूळ प्रश्न शिल्लकच राहतो, आणि चर्चा बहुधा इथेच घसरते. बायडेन यांनी ट्रम्प यांच्या चीनवरील शुल्कांवर प्रचारात टीका केली, सत्तेवर आल्यावर त्यांतील बहुतेक शुल्के कायम ठेवली आणि २०२४ मध्ये चिनी विजेरी मोटारींवर १०० टक्के शुल्क लावले. हा दुटप्पीपणा ठरवला, तरी शुल्काचा भार अमेरिकी ग्राहकावर किती पडतो आणि परदेशी उत्पादकावर किती, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. शिरोलीहून कास्टिंग पाठवणाऱ्याला हेच उत्तर हवे असते. म्हणून कोण किती वेळा उलटला आणि शुल्काचा परिणाम काय होतो, या दोन गोष्टींसाठी वहीत दोन स्वतंत्र पाने ठेवावीत, आणि पहिल्या पानावरचा राग दुसऱ्या पानावरच्या आकड्यांना लागू देऊ नये.