कर्नलचे ड्रायव्हर: कोणता आत, कोणता मॉड्यूल

लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतः कंपाइल करताना प्रत्येक ड्रायव्हरबद्दल (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडबद्दल) एक गोष्ट ठरवावी लागते: मशीन सुरू होताना तो नेमका कधी लागणार? त्यावरून तो कर्नलच्या आतच बसवायचा (‘वाय’), की गरजेला लोड होणारी वेगळी फाइल, म्हणजे मॉड्यूल करायचा (‘एम’), ते ठरतं.

आधी चालू कर्नलवर ‘एलएसपीसीआय -के’ आणि ‘एलएसयूएसबी -टी’ चालवा. कोणतं हार्डवेअर कोणत्या ड्रायव्हरवर चालतंय ते दिसेल. ती नावं टिपून ठेवा. मग चालू कर्नलची कॉन्फिग (निवडलेल्या पर्यायांची फाइल) सोर्सच्या फोल्डरमध्ये ‘.कॉन्फिग’ नावाने ठेवून ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ द्या, म्हणजे नव्या पर्यायांना डिफॉल्ट उत्तरं मिळतात. फक्त लोड असलेली मॉड्यूल ठेवणाऱ्या ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’मुळे कंपाइलचा बराच वेळ वाचतो, पण त्या क्षणी लोड नसलेली मॉड्यूल त्यात गळतात. म्हणून वेबकॅम, पेनड्राइव्ह, प्रिंटर, जे कधीतरी लावणार ते सगळं आधी एकदा जोडून घ्या.

पर्याय निवडायच्या ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ या मेन्यूमध्ये तिरकी रेघ दाबून नाव शोधा. पर्याय मेन्यूत दिसत नसेल तर शोधाच्या निकालातली ‘डिपेंड्स ऑन’ ही ओळ वाचा. बहुतेक वेळा तिथलंच काहीतरी बंद असतं.

ज्या डिस्कवर रूट (सिस्टिमची मूळ फाइलसिस्टिम) आहे तिचा ड्रायव्हर (एनव्हीएमई किंवा एएचसीआय) आणि ईएक्सटी४सारखी फाइलसिस्टिम ‘वाय’ करा. ‘एम’ ठेवायचं तर ती मॉड्यूल इनिट्रॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत लोड होणाऱ्या छोट्या फाइलसिस्टिममध्ये) हवीतच, कारण डिस्क वाचायचं मॉड्यूल त्याच डिस्कवरून कसं वाचणार? चुकलं की बूट ‘अननोन-ब्लॉक’ म्हणून थांबतं. पुढे कंसात (०,०) असेल तर डिस्कच सापडलेली नाही, किंवा इनिट्रॅमएफएस लोड झालेलं नाही. (८,१) असे आकडे असतील तर डिस्क सापडली आहे, फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर तपासा.

वायफाय आणि ग्राफिक्सचं याच्या उलट: ‘एम’ बरं. यांना फर्मवेअरची, म्हणजे त्या हार्डवेअरच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, फाइल लागते, आणि ‘वाय’ केलेला ड्रायव्हर ती रूट माउंट होण्याआधीच मागू शकतो.

‘लोकलव्हर्जन’मध्ये (आवृत्तीच्या शेवटी जोडायच्या नावाच्या पर्यायात) वेगळं नाव द्याच, नाहीतर त्याच आवृत्तीच्या जुन्या कर्नलची मॉड्यूल पुसली जातात आणि परतीची वाट बंद होते. मग ‘मेक’, ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’, ‘मेक इन्स्टॉल’, याच क्रमाने.

नव्या कर्नलवर ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये) फर्मवेअरच्या ओळी शोधा. एरर -२ दिसली तर फाइल त्या जागी नाही. फर्मवेअरचं पॅकेज बसवून मॉड्यूल काढून पुन्हा लोड करा. कर्नल परत कंपाइल करायची गरज नाही.