बाणावरची जुनी पिसं आणि गोंद

एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मी इंजिनाच्या हेडला चिकटलेली जळकी गॅस्केटं खरवडली. त्यामुळे नातीने पहिल्यांदा बारा बाण माझ्यापुढे टाकले आणि "आबा, एवढ्या वेन्स काढून गोंद साफ करून द्या ना" म्हणाली (वेन्स म्हणजे बाणाच्या शेपटाशी चिकटवलेली प्लास्टिकची पिसं), तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, चहा होईस्तोवर देतो. नवं ब्लेड काढलं, बाण मांडीवर आडवा धरला आणि सोलायला लागलो. तिसऱ्या बाणात ब्लेड रुतलं, केसासारखा काळा तंतू वर आला आणि सरळ माझ्या अंगठ्यात घुसला. बाण बाद झाला, अंगठा आठवडाभर ठणकत होता, आणि चहा गार झाला तो वेगळाच.

साताऱ्यात राहून घरात धनुष्य येणार नाही असं आता म्हणता येत नाही. आपल्याच साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला जगज्जेती झाली आणि आमच्या घरात दुसऱ्याच दिवसापासून हट्ट सुरू झाला. आता नातीचेच नव्हे, तिच्या मैत्रिणींचेही बाण माझ्याकडे येतात. या वेन्स टार्गेटवर घासून फाटतात, दुसरा बाण शेजारी बसला की उखडतात. बाण मात्र चांगला असतो. तो फेकायचा नसतो.

आधी बाण कशाचा आहे ते बघा. ॲल्युमिनियमच्या बाणावर १७१६, १८१६ असे आकडे असतात. पहिले दोन म्हणजे नळीचा बाहेरचा व्यास, इंचाच्या चौसष्टाव्या भागात; पुढचे दोन म्हणजे नळीच्या पत्र्याची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. हा पत्रा किती पातळ आहे ते त्यावरून कळतं, म्हणजे खरवडताना किती जोर लावायचा तेही कळलं. कार्बनच्या बाणात तंतू रेझिनने बांधलेले असतात आणि उष्णता हा त्या रेझिनचा वैरी. लोणच्याच्या बरणीचं लेबल निघतं तसं निघेल म्हणून मी एकदा दोन बाण उकळत्या पाण्यात बुडवले. वेन्स निघाल्या, पण सोबत पुढचे पॉईंटही ढिले होऊन हातात आले, कारण ते गरम करून लावायच्या गोंदानेच बसवलेले असतात. कार्बनला उकळतं पाणी नको, हीट गन नको, मेणबत्ती तर नकोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साफ करण्याआधी बाण धड आहे का ते तपासा. कापसाचा बोळा शाफ्टवरून, म्हणजे बाणाच्या दांड्यावरून, फिरवा. कुठे कापूस अडकला तर तिथे तंतू उठलेला आहे. मग दोन्ही टोकं धरून, तोंडापासून लांब, बाण किंचित वाकवा, थोडा फिरवा, पुन्हा वाकवा. कचकच असा बारीक आवाज आला की तो बाण संपला. तडा गेलेला कार्बनचा बाण सोडताना फुटू शकतो आणि त्याचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात जातात. असा बाण मी फडक्यात गुंडाळून दोन तुकडे करून टाकतो, म्हणजे घाईत कुणी पुन्हा भात्यात घालणार नाही.

पहिली वेन काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि नॉकच्या, म्हणजे दोरी बसते त्या मागच्या प्लास्टिकच्या टोकाच्या, खाचेपासून वेन किती अंतरावर आहे ते मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. वेगळ्या रंगाची वेन नॉकच्या खाचेशी कशी येते, तेही लिहा. आठवणीवर विसंबू नका, मी विसंबलो होतो.

नॉक मात्र काढून बाजूला ठेवा. गोंद विरघळवायच्या ॲसिटोनचा हात त्याला लागला की ते पांढुरकं पडतं, आत बारीक तडे जातात. असा एक नॉक आमच्याकडे दोरीवरच फुटला. बाण पुढे गेलाच नाही, आणि धनुष्य रिकामंच सुटल्यासारखं खाडकन वाजलं. पोर घाबरली, मी तिच्याहून जास्त घाबरलो.

वेन सोलायला मी आता ब्लेड घेत नाही. स्वयंपाकघरातली जुनी, पातळ सुरी घेतो, तीही दगडावर घासून बोथट केलेली. सुरी शाफ्टवर जवळजवळ सपाट टेकवायची, धार खाली रोखायची नाही. वेनच्या पुढच्या टोकाशी गोंदाचा जास्तीचा थेंब असतो, तिथून सुरुवात करायची. टोक सुटलं की लांब नाकाच्या पक्कडीने धरायचं आणि शाफ्टच्या लांबीने मागे ओढायचं. बाहेर ओढलं तर तुटतं. चांगली निघाली तर वेन तळासकट एका पट्टीत येते, आणि तो 'चर्रर्र' आवाज ऐकायला मला अजून आवडतो. सुरी नेहमी लांबीच्या दिशेने चालवायची, आडवी कधीच नाही.

रिकर्व्हवाल्या (टोकं पुढे वळलेलं धनुष्य वापरणाऱ्या) पोरींच्या पातळ, गुंडाळलेल्या वेन्स दुहेरी चिकटपट्टीने बसवलेल्या असतात. तिथे सुरी लागतच नाही. दोन्ही टोकांची टेप उलगडा, वेन उचला, राहिलेला चिकटा अंगठ्याने मळून काढा. हट्टी चिकट्याला अर्धा तास खोबरेल लावून ठेवायचं. आमच्या हिने बाटली लपवली होती, पण उपाय चालतो. पुढे तेल नीट धुवायचं तेवढं लक्षात ठेवा.

फेविक्विकच्या जातीचा कडक गोंद असेल तर ॲसिटोन लागेल. नेलपेंट रिमूव्हर घ्यायचा झाला तर बाटलीवर वाचा: काहींत ॲसिटोन नसतं, काहींत तेल आणि सुगंध असतो आणि नवा गोंद त्यावर धरत नाही. बाण ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवू नका. सुती चिंधी ओलसर करून गोंदावर अर्धा मिनिट गुंडाळा आणि मऊ झालेला थर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ढकला. निघाला नाही तर पुन्हा चिंधी. तीन-चार फेऱ्यांत निघतो. शाफ्टवरचा रंग आणि छापलेले आकडे निघून जातील, खेळाडूचं नावही जाईल. स्पर्धेत बाणावर नाव किंवा आद्याक्षरं लागतात, ती पुन्हा लिहायची. ॲसिटोन लगेच पेट घेतं, म्हणून हे काम गॅलरीत करा. गॅस बंद, देवापुढची निरांजनही विझलेली.

बांबूच्या बाणाला हे काही लावू नका, वॉर्निश उतरतं. तिथे पिसाचा दांडा बोथट सुरीने तासायचा आणि उरलेला गोंद बारीक पॉलिश पेपरने, रेषेच्या दिशेने. झालं.

गोंद निघाला म्हणजे काम झालं असं नाही. भांडी घासायच्या हिरव्या घासणीने तो भाग हलकेच, चकाकी मरेपर्यंत घासा आणि विम लावून धुवा. मग नळाखाली धरून बघा. पाणी सलग पापुद्र्यासारखं पसरलं तर शाफ्ट स्वच्छ. थेंब थेंब होऊन तुटलं तर तेल बाकी आहे, पुन्हा धुवा. ही परीक्षा मी वर्कशॉपमधून आणली, पत्रा रंगवण्याआधी आम्ही अशीच करायचो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवायचा आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. मागे नातीने तेल लावलेली वेणी घालता घालता बाण उचलून बघितले आणि नव्या सहा वेन्स दोन दिवसांत गळून पडल्या.

नळीत पाणी जातंच. म्हणून बारा बाण नॉकची बाजू खाली करून स्टीलच्या पेल्यात रात्रभर उभे ठेवतो, तळाशी फडकं घालून. सकाळी ती शाळेआधी जिग, म्हणजे वेन्स जागेवर धरून चिकटवायचा साचा, घेऊन बसते. चिकटवणं तिचं काम, त्यात मी हात घालत नाही.